बळिभुज एक टन उचलतो

आमच्या ऑफिसात शेतकऱ्याबद्दल सगळ्यांना फार कळकळ होती. फक्त शेतकरी कुणी पाहिला नव्हता. ऐरोलीतल्या काचेच्या इमारतीत, आठव्या मजल्यावर, एसी अठरावर ठेवून आम्ही शेतीची अवजारं डिझाइन करायचो. खिडकीतून खाडी दिसायची, पलीकडे मुलुंड दिसायचं. हिरवं म्हणाल तर रिसेप्शनवरचा मनीप्लांट, आणि तोही प्लास्टिकचा.

मी श्यामसुंदर. वय सत्तावन्न. या कंपनीत बावीस वर्षं ड्रॉइंग तपासतो. ड्रॉइंगच्या खाली उजव्या कोपऱ्यात तीन चौकटी असतात: काढले, तपासले, मंजूर. मधली चौकट माझी. बाहेरच्या माणसाला वाटतं, या गृहस्थाने प्रत्येक माप, प्रत्येक बोल्ट डोळ्यांत तेल घालून बघितला असेल. सुरुवातीची दोन-तीन वर्षं बघितलाही. पुढे दिवसाला चाळीस-चाळीस ड्रॉइंगं यायला लागली आणि माझ्या लक्षात आलं, की मी तपासली काय नि न तपासली काय, ती जायची तिथे जातातच. मग एक दिवस मी कोऱ्या कागदावर झोकात सही केली, स्कॅन केली आणि सर्व्हरवर ठेवून दिली. ज्याला लागेल त्याने चिकटवावी. काम झटपट केल्याबद्दल त्या वर्षीच्या पार्टीत माझा सत्कार झाला होता.

मालक ऋषी. चाळिशीचा, परदेशात शिकलेला. एका रविवारी तो सहकुटुंब कर्जतकडे कुठल्याशा कृषी पर्यटन केंद्रात पिठलं-भाकरी खायला गेला. तिथे त्याने दोन माणसांना विहिरीतली मोटर दोराने ओढून काढताना पाहिलं आणि सोमवारी सकाळी आम्हाला जमवून म्हणाला, "गाइज, फार्मरची पाठ मोडतेय. आपण काय करतोय?" आपण नेमकं काय करतोय हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून सगळ्यांनी गंभीरपणे मान डोलावली.

त्यातून निघाली ट्रॅक्टरच्या मागे बसवायची क्रेन. कल्पना चांगली होती, हे मी नाकारत नाही. खताच्या गोण्या, चाऱ्याच्या गाठी, विहिरीतली मोटर, बिघडलेली अवजारं. शेतात जड वस्तू चिक्कार आणि उचलायला माणसाची पाठ एकच. ट्रॅक्टरच्या मागे नांगर जोडायला तीन दांडे असतात, त्यांच्यावरच क्रेन बसवायची आणि तेलाच्या दाबाने तिचा लांब हात वर न्यायचा. नाव ठरवायला तीन मीटिंगा झाल्या. 'बळिभुज' ठरलं. बळीराजाचा भुज. संस्कृतात बलिभुज म्हणजे कावळा, हे मला माहीत होतं. पण नावं तपासणं माझ्या चौकटीत येत नव्हतं.

बळिभुज किती उचलणार? ऋषी म्हणाला, एक टन. कशावरून, तर आकडा गोल आहे आणि लक्षात राहतो. माहितीपत्रकं छापून आली. त्यानंतर आम्ही ड्रॉइंग काढायला घेतलं.

ते काम गीतांजलीकडे आलं. वय चोवीस, राहायला कोपरखैरणे, वडील तुर्भ्याच्या एका कारखान्यात फिटर. सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर होती आणि सहावा महिना चालू होता. एका दुपारी ती वही घेऊन माझ्या टेबलापाशी आली.

"सर, एक टन नाही उचलणार."

"कोण?"

"बळिभुज. तीनशे किलो ठीक आहे. त्याच्यावर गेलं की ट्रॅक्टरचं तोंड वर यायला लागतं."

मी म्हटलं, लोखंड जाड कर. ती म्हणाली, "क्रेनला काय होणार नाही सर. क्रेन एक टनाला मजबूत आहे. पडणार तो ट्रॅक्टर." तिने वहीत चित्र काढून दाखवलं. मागचं मोठं चाक म्हणजे टेकू. टेकूच्या पुढे ट्रॅक्टरचं तोंड आणि मागे तीन मीटर लांब हाताला लोंबणारं ओझं. बागेतल्या सी-सॉवर एका टोकाला पोर आणि दुसऱ्या टोकाला त्याचा मामा बसला की जे होतं, तेच इथे होणार. फरक एवढाच, की इथे ट्रॅक्टर उलटा मागे येतो आणि सीटवरचा माणूस त्याच्याखाली सापडतो.

मी हिशेब तपासला. खरोखर तपासला, कॅल्क्युलेटर घेऊन. बरोबर होता. दहावीच्या पोराला कळेल इतका बरोबर होता.

"पण सर," ती अडखळत म्हणाली, "तुम्ही तर आधीच तपासलंय." तिने ड्रॉइंगची प्रिंट पुढे केली. क्षमता एक हजार किलो आणि मधल्या चौकटीत कुणीतरी सर्व्हरवरून चिकटवलेली माझी सही, झोकात. "मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. म्हणून तीनदा करून बघितलं."

मला लाज वाटली. हे इथेच सांगून टाकतो, कारण पुढे मी जे वागलो त्यात ती कुठे दिसणार नाही.

आम्ही दोघं ऋषीकडे गेलो. त्याने वहीकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. "श्यामसर, साइन तर तुमचीच आहे ना?"

"हो, पण ती आपोआप..."

"मग टेन्शन काय आहे? शेतकरी हुशार असतो. तो बरोबर ऍडजस्ट करतो." मग गीतांजलीकडे वळून तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "इतकं निगेटिव्ह नाही व्हायचं. तुझं कन्फर्मेशनचं लेटर माझ्या टेबलावर आहे. डेमो होऊ दे, मग बघू." आणि मला, "सर, तुमचंही एकच वर्ष राहिलंय ना रिटायरमेंटला?"

शेतकऱ्यांना अनुदानावर अवजारं देणारी एक सरकारी योजना होती. तिच्या यादीत बळिभुजचं नाव लागलं की दोनशे नगांची ऑर्डर पक्की. म्हणजे दोनशे सीटा, आणि त्या प्रत्येक सीटवर माझ्या सहीवर विसंबून बसलेला एक माणूस. हे सगळं मला त्या खोलीत उभ्या-उभ्या कळलं होतं. मी म्हटलं, "बघू, सर." बावीस वर्षांत हाच शब्द मी सगळ्यात जास्त वेळा वापरला आहे.

डेमोसाठी ट्रॅक्टर हवा आणि शेतकरी हवा. नवी मुंबईत दोन्ही मिळवायचं म्हणजे वाळूतून तेल काढण्यातलाच प्रकार. शेवटी कोपरखैरण्याच्या गावठाणात गोटीराम सापडले. एकेकाळी भातशेती, आता तीन बिल्डिंगांचे मालक. शेवटचा नांगर धरून त्यांना पस्तीस वर्षं झाली होती. घरात ट्रॅक्टर होता, पण तो मुलाचा, प्रीतमचा, आणि तो लागायचा हळदीच्या मिरवणुकीत डीजेची ट्रॉली ओढायला. ट्रॅक्टरच्या तोंडाशी तोल राखायला लोखंडी वजनं लावतात. प्रीतमने ती काढून मांडवाच्या खांबांना बांधायला वापरली होती आणि त्यांच्या जागी रंगीत दिव्यांची महिरप बसवली होती.

ते बघून गीतांजली मला हळूच म्हणाली, "सर, आता तीनशेसुद्धा नाही. अडीचशे."

आदल्या दिवशी ऋषीने मला बोलावलं. "श्यामसर, डेमोला रिस्क नको." मला वाटलं, देव पावला. मग तो पुढे म्हणाला, "गोण्या हलक्या ठेवू." तुर्भ्याच्या मार्केटातून कुरमुरे आले. ते खताच्या वीस रिकाम्या गोण्यांत भरून तोंडं शिवून घेतली. प्रत्येक गोणीवर ठळक छापलेलं: निव्वळ वजन ५० किलो. वीस गोण्या गुणिले पन्नास, एक हजार. तेवढा हिशेब मात्र मी तपासला. तोही बरोबर होता.

सकाळी दहाला गावठाणाच्या मैदानावर मांडव, सनई आणि योजनेच्या ऑफिसातले मोठे साहेब. गोटीराम फेटा बांधून 'शेतकरी प्रतिनिधी' म्हणून पहिल्या रांगेत बसले होते आणि आपण कशाचे प्रतिनिधी आहोत हे शेजारच्याला विचारत होते. नारळ फुटला. प्रीतम गॉगल लावून सीटवर चढला. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं, म्हणून माइक माझ्या हातात होता. मी कागदावरचं वाचलं, "आता बळिभुज उचलत आहे, एक टन खत!"

जाळीत बांधलेल्या वीस गोण्या अलगद वर गेल्या. खाडीवरून वारा आला आणि ते एक टन खत पाळण्यासारखं झुलायला लागलं. ट्रॅक्टरचं तोंड तसूभरही हललं नाही. साहेबांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच उभं राहून वाजवल्या. ऋषीने माझा खांदा दाबला. एवढ्यावर कार्यक्रम संपला असता तर मी घरी जाऊन जेवून झोपलो असतो, आणि झोप लागलीही असती.

पण आम्ही एक गोष्ट विसरलो होतो. आम्ही जे दाखवलं ते ज्याला खरं वाटणार होतं, तोच ट्रॅक्टरवर बसला होता.

"सर, एक नंबर! कडक!" प्रीतमने गोण्या खाली उतरवल्या आणि सीटवरूनच ओरडला, "आमच्या भाविकाची परवा हळद हाय. डीजेचा जनरेटर टेम्पोत चढवायचाय, आठशे किलोचा. फळ्या टाकून ढकलायला सहा जण लागतात. आत्ता एका फटक्यात चढवतो, बघाच तुमी!" आणि त्याने ट्रॅक्टर मांडवामागे उभ्या असलेल्या जनरेटरकडे मागे घेतला. त्याच्या दोघा मित्रांनी पट्टे गुंडाळून हूकला अडकवलेसुद्धा.

ऋषीचा चेहरा पांढरा पडला, पण त्यावरचं हसू तसंच राहिलं. तो म्हणाला, "प्रीतम, अरे, नंतर..." तेवढ्यात साहेब उत्साहाने म्हणाले, "होऊ द्या, होऊ द्या! हीच खरी चाचणी!" मग ऋषीने हसू आवरलं, घसा खाकरला आणि माझ्याकडे बघितलं. मी माझ्या बुटांकडे बघितलं.

माइक माझ्या हातात होता. चालू होता. मला फक्त "थांब" म्हणायचं होतं. दोन अक्षरं. आठशे किलो, तीन मीटर, पुढे वजनं नाहीत, सीटवर तिशीतला एक मुलगा. तोंड उघडलं नाही. त्या क्षणी मला काय आठवत होतं ते लिहायलाही हात धजत नाही, पण लिहितो: मला माझं राहिलेलं एक वर्ष आठवत होतं.

गीतांजली माझ्या बाजूने पुढे गेली. गोण्यांच्या ढिगातून तिने दोन गोण्या उचलल्या, एका हातात एक, आणि भाजी घेऊन घरी निघाल्यासारखी सगळ्यांसमोरून चालत पहिल्या रांगेकडे आली. एक गोणी तिने गोटीरामांच्या मांडीवर ठेवली.

म्हातारा आधी दचकला. पन्नास किलोने मांडी मोडायला हवी होती, ती मोडली नाही. त्यांनी गोणी दाबली. कर्रकन आवाज झाला. शिवणीत बोट घालून दोरा ओढला, मूठ आत घातली, बाहेर काढून बघितली आणि थोडे तोंडात टाकले.

"आरं, ह्ये तं कुरमुरं हान!"

मग त्यांनी ट्रॅक्टरकडे बघितलं, त्याच्या मागे ताणला जाणारा पट्टा बघितला आणि पस्तीस वर्षांपूर्वीचा शेतकरी एकदम ताडकन उभा राहिला. "ए प्रीतम! उतर खाली! तोंड वर येल त्याचा, मरशील मेल्या! उतर सांगतंय ना!" प्रीतमने सगळ्या गावाचं ऐकलं नसतं, पण बापाचा तो आवाज त्याने लहानपणी शेवटचा ऐकला असावा. ट्रॅक्टर बंद करून तो खाली उतरला.

मला वाटलं, आता सगळं बाहेर पडलं, बरं झालं.

पण कुरमुरे निघाले तेव्हा साहेबांना फोन आला होता आणि ते एका कानावर हात दाबून, पाठ फिरवून बोलत होते. ते वळले तेव्हा त्यांना दिसलं ते एवढंच, की एक सडपातळ मुलगी पन्नास किलोची गोणी एका हातात घेऊन उभी आहे. "शाब्बास!" ते गरजले. "याला म्हणतात नारीशक्ती! फोटो घ्या, फोटो घ्या!" ऋषीने माझ्या हातातला माइक काढून घेतला आणि क्षणाचीही उसंत न घेता म्हणाला, "ही आमची गीतांजली! आमच्या कंपनीत मशीनच नाही, माणसंसुद्धा मजबूत आहेत!" टाळ्या पुन्हा वाजल्या. गीतांजली काहीतरी सांगत होती, पण सनईवाल्याला इशारा झाला होता. गोटीराम खाली बसून कुरमुरे खात राहिले. जनरेटर मग सहा जणांनीच चढवला.

दुसऱ्या दिवशी एका छोट्या पेपरात तिचा फोटो आला, गोणीसकट. पाचव्या दिवशी तिला पत्र मिळालं. कन्फर्म करता येत नाही, टीमशी सूर जुळत नाही. ज्या मुलीमुळे एक माणूस मेला नाही, तिचा सूर जुळत नाही. आणि माझा बावीस वर्षं जुळतोय. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते ऐरोलीत कंपनीच्या लेटरहेडवर टाइप करून देतात.

ती डबा आणि छत्री घेऊन निघाली आणि जाताना माझ्या टेबलावर वही ठेवली. "सर, तुमच्याकडे असू दे. मला मिळेल दुसरं काहीतरी. पण यादी पुढच्या आठवड्यात लागणार आहे." एवढंच म्हणाली. चार शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मी आयटीवाल्याकडे गेलो आणि म्हटलं, सर्व्हरवरची माझी सही काढून टाक. त्याने शोधून सांगितलं, "काका, एकोणतीस फोल्डरमध्ये आहे. कुठली काढू?" आणि बळिभुजची फाइल तर केव्हाच योजनेच्या ऑफिसात जाऊन पडली होती.

तेव्हा मी पत्र लिहिलं. हाताने, घरच्या टेबलावर बसून. बळिभुजचं ड्रॉइंग मी तपासलं नव्हतं. त्यावरची सही स्कॅन करून चिकटवलेली आहे. आता तपासलं आहे. सुरक्षित वजन तीनशे किलो, तेही ट्रॅक्टरच्या तोंडाशी वजनं लावलेली असली तरच. एक टनाला ट्रॅक्टर उलटेल आणि चालवणारा मरेल. सोबत गीतांजलीच्या वहीतली पानं जोडली. खाली सही केली. हे पत्र पोचलं की माझं वर्ष गेलं, हे मला ठाऊक होतं. सही करताना हात सारखा थांबत होता, म्हणून ती लहान आणि वाकडी झाली.

अर्धी रजा टाकून मी योजनेच्या ऑफिसात गेलो. आवक टेबलावर राजेश्वरी मॅडम होत्या. त्यांनी पत्र सगळं वाचलं, कपाटातून बळिभुजची फाइल काढली, ड्रॉइंग उलगडलं आणि मान हलवली.

"काका, सही जुळत नाही."

"ती स्कॅन केलेली आहे. ही खरी आहे."

"खरी-खोटी मला काय माहीत? फाइलवर बघा, कशी झोकदार आहे. आणि तुमची ही, कुणीतरी घाबरत घाबरत केल्यासारखी."

मी आधार कार्ड काढलं. त्यांनी फोटो बघितला, मला बघितलं. "तुम्ही तेच आहात, मान्य. पण तपासणाऱ्याचं पत्र म्हणून घ्यायचं तर सही फाइलवरच्या सहीसारखीच लागते. नाहीतर उद्या कुणीही येऊन कुणाच्याही कंपनीविरुद्ध पत्र देईल." बाई चुकीचं बोलत नव्हत्या. सगळ्या प्रकरणात गीतांजलीनंतर कागद खरोखर तपासणाऱ्या त्याच.

मी विचारलं, "ते ड्रॉइंग जरा समोर ठेवता का?" आणि बाकावर बसून एका जुन्या पाकिटाच्या मागे स्वतःची सही गिरवायला लागलो. श चा फाटा असा. खालची रेघ उजवीकडे उचललेली. शेवटी दोन टिंबं. पंचवीसेक वेळा काढल्यावर हात सैल झाला, मनातला विचार बंद पडला आणि ती जुनी सही आपसूक उतरायला लागली. मग उठून मी पत्रावर पहिल्या सहीच्या खाली दुसरी केली, झोकात.

राजेश्वरी मॅडमनी ती फाइलशेजारी धरून बघितली. "हां! ही जुळली." त्यांनी धाडकन आवकचा शिक्का मारला. "हे आता साहेबांपुढे ठेवावंच लागेल. अशी तक्रार फाइलला लागली की यादी थांबते." पोच माझ्या हातात देता देता त्यांची नजर पुन्हा पत्राच्या तळाशी गेली.

"मग ही वरची वाकडी कुणी केली?"

"तीही मीच."

"अशी कशी झाली?"

"तपासून केली," मी म्हटलं. "सवय नव्हती."